माझं एक पाऊल, एक मीटर

१२ जानेवारी

डॉक्टर म्हणाले, ओरडणं बंद करा, रक्तदाब वर जातोय. मी म्हटलं, मी फुटबॉलचा कोच आहे, ओरडू नको तर काय अंगाई गाऊ? तर म्हणे, जे ओरडावंसं वाटतं ते घरी येऊन लिहून काढा. मागच्या वर्षी माझे दोन्ही गुडघे उघडून परत शिवणारे हेच ते डॉक्टर. ‘आता हरणासारखे पळाल’ असंही तेव्हा म्हणाले होते. त्यांचं किती ऐकायचं ते माझं मी ठरवतो, पण हिने लगेच कपाटातून कोरी डायरी काढून दिली. घरात शांतता हवी असेल बाईंना.

तर लिहितो. आज सकाळच्या पेपरात आमच्या क्लबच्या लाडक्या विंगरची मुलाखत आली आहे. प्रेक्षक त्याला भिंगरी म्हणतात. चेंडू पायात आला की दोघातिघांना फिरवून कडेने सुसाट निघतो, म्हणून. वार्ताहराने विचारलं, यंदा गोल का होत नाहीत? साहेब हसून म्हणाले, ‘आमचे सर मला गल्लीतून पळवतात. रस्ता द्या, मग बघा.’ मी त्याला कडेने सुटू न देता मधल्या गर्दीत खेळवतो, ही तक्रार.

लीगमध्ये आम्ही खालून तिसरे. शेवटचे दोन क्लब खालच्या लीगमध्ये ढकलले जातात. अशा वेळी हा बाहेर जाऊन माझी टिंगल करतो. उचलली जीभ लावली टाळ्याला.

आणि हा माझा जावई आहे. हे लिहितानाही रक्तदाब वाढला असणार.

१४ जानेवारी

त्याला संघातून काढलं. ड्रेसिंग रूममध्ये सगळ्यांसमोर सांगितलं, सगळ्यांसमोर माफी मागशील त्या दिवशी परत घेईन. तो बुटाची नाडी सोडत बसला होता. ‘माफी कशाची, सर? खोटं काय बोललो?’ म्हणाला. आवाज चढवला नाही. त्याने आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

मैदानावर नातं नाही हा नियम मीच केला आहे. लग्न ठरलं त्याच दिवशी सांगितलं होतं, गेटच्या आत सर, गेटच्या बाहेर बाबा. तो पाळतो. इतका काटेकोर पाळतो की तीही टिंगल असावी अशी मला कधीकधी शंका येते.

माझा सहायक कोच म्हणाला, ‘अगदी योग्य केलंत, सर.’ त्याला सगळे होयबा म्हणतात. काल हाच ‘भिंगरीशिवाय कठीण आहे, सर’ म्हणत होता.

घरी आलो तर हिचं तोंड वळलेलं. मुलीचा फोन येऊन गेला होता. ‘घरातलं माणूस घरात समजावता येत नव्हतं का?’ एवढंच बोलली. आपलेच दात आणि आपलेच ओठ, हे मला कळत नाही असं हिला वाटतं.

२१ जानेवारी

आज जिंकलो. भिंगरीशिवाय जिंकलो हे इथे ठळक लिहून ठेवतो.

कसे, तेही लिहितो. पाहुण्या संघाचे दोन्ही विंगर चांगले आहेत. मी काल संध्याकाळी माळ्याला बोलावलं आणि दोन्ही कडेच्या रेषा आत घ्यायला लावल्या. आपल्या मैदानाची रुंदी आपण ठरवायची, लीगने फक्त कमीत कमी किती असावी ते सांगितलं आहे. मैदान अरुंद केलं की विंगर आपोआप माणसांच्या गर्दीत सापडतो. बेकायदा त्यात काही नाही.

माझी पद्धत जुनी आहे. मी एका कडेपासून समोरच्या कडेपर्यंत चालत जातो, माळी चुन्याचं यंत्र घेऊन मागून येतो. माझं एक पाऊल म्हणजे एक मीटर. खेळत होतो तेव्हापासून. आमच्या तेव्हाच्या कोचने मला टेपवर चालवून बघितलं होतं आणि सगळ्या संघाला बोलावून दाखवलं होतं, हा बघा चालता-बोलता गज. सेंटर बॅकला अंतर पायात मोजता आलं पाहिजे. आजकालच्या पोरांना फोन लागतो.

सामना भिकार झाला. चेंडू जास्त वेळ हवेतच होता. कॉर्नरवर कोणाच्या तरी गुडघ्याला लागून आमचा गोल झाला. प्रेक्षकांनी जिंकल्यावरही शिट्ट्या मारल्या. पाहुण्यांचा कोच हात न मिळवता गेला, जाताना म्हणाला, ‘मैदान आहे की बोळ?’ मला फार आनंद झाला.

३० जानेवारी

सराव संपल्यावर भिंगरी माझ्या खोलीच्या दारात उभा. सध्या ज्युनिअर पोरांबरोबर सराव करतो. ‘सर, कडेच्या रेषांबद्दल जरा बोलायचं होतं. एकट्याने.’

मी म्हटलं, ‘आधी माफी. तीही एकट्याने नाही.’

‘हे वेगळं आहे, सर.’

‘विंगरला रेषांशिवाय दुसरं काय सुचणार? नाचता येईना अंगण वाकडं.’

होयबा मोठ्याने हसला. भिंगरी थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला. माझ्याकडे म्हणजे नीट सांगायचं तर माझ्या पायांकडे. मग गेला. बघण्याची ही काय रीत?

९ फेब्रुवारी

घरच्या मैदानावर बरोबरी. रेषा आणखी आत घेतल्या होत्या, आता नियमाच्या अगदी टोकावर आहोत. माझ्या मोजणीने बरोबर टोकावर, त्याच्या आत वीतभर नाही.

माळी मोजताना मध्येच म्हणाला, ‘साहेब, एकदा टेप लावून बघू का?’ मी म्हटलं, हातच्या काकणाला आरसा कशाला? टेप शिंप्याला लागते. तो परत यंत्र ढकलायला लागला. ह्या माणसाला मीच नोकरीला लावलं, आणि आज माझ्या पायावर शंका.

पुढचे तिन्ही सामने परगावी आहेत. तिथल्या रेषा माझ्या हातात नाहीत.

१७ फेब्रुवारी

आज दोघं जेवायला आली. हिने मला न विचारता बोलावलं होतं. जावयासाठी चार पदार्थ, मला मात्र मीठ कमी. मुलगी माझ्याशी थेट बोलत नव्हती, आईमार्फत बोलत होती. ‘आई, बाबांना भात विचार.’ मी तिच्यासमोर बसलेलो.

जेवणानंतर बायका आत गेल्या तेव्हा तो खुर्ची जवळ ओढून बसला. गेटच्या बाहेर असल्यामुळे बाबा. ‘बाबा, राग मानू नका. ऑपरेशननंतर तुम्ही चालताना...’

मी त्याला तिथेच तोडलं. म्हटलं, ‘माझ्या म्हातारपणाची चौकशी करायला आलास की माफी मागायला?’

‘मला मुलाखतीत तसं बोलायला नको होतं. ते चुकलं. घरात सांगतो, तुमच्यापुढे सांगतो.’

‘अपमान पेपरात आणि माफी घरात?’

त्याचा चेहरा उतरला. वास्तविक माफी मागितली होती त्याने, हे मला कळलं होतं. पण दोन शब्दांत मोकळं करायला मी काय देवमाणूस आहे? आणि ऑपरेशनचा विषय काढून सुरुवात केली हे मला लागलं. मुलगी बाहेर आली, त्याची चप्पल सरळ करून ठेवली आणि मला म्हणाली, ‘बाबा, त्याचं एकदा पूर्ण ऐकून घ्या. एकदाच.’ आल्यापासून माझ्याशी थेट बोललेलं हे एकच वाक्य.

ती दोघं गेल्यावर हिने भांडी इतक्या जोरात घासली की शेजारचे डोकावले असतील.

२५ फेब्रुवारी

हरलो.

१ मार्च

हिच्याबरोबर बाजारात गेलो. ही पिशव्या घेऊन भराभर पुढे आणि मी मागे. कोपऱ्यावर थांबून म्हणते, ‘पूर्वी तुमच्याबरोबर चालताना मला धावावं लागायचं.’ म्हटलं, सध्या डोक्यात संघ असतो, विचार करत चालतो. ‘हो का,’ म्हणाली.

४ मार्च

पुन्हा हरलो. प्रेक्षकांपैकी कोणीतरी आमच्या बसवर शेण फेकलं. आमच्याच प्रेक्षकांपैकी. त्यासाठी इतक्या लांब आले होते. होयबा खिडकीशी बसला होता, त्याला मिळालं. आज एवढीच एक समाधानाची गोष्ट.

११ मार्च

तिसऱ्या पराभवानंतर अध्यक्षांनी बोलावलं. अध्यक्ष म्हणजे फरशीचे व्यापारी. ऑफिसात इतकी गुळगुळीत फरशी घातली आहे की मी भिंतीला धरून चाललो. आत जावई आधीच बसलेला.

अध्यक्ष म्हणाले, ‘शेवटचा सामना घरी आहे. बरोबरी झाली तरी आपण वरच्या लीगमध्ये राहतो. हरलो तर खाली. खाली गेलो तर मी क्लब चालवणार नाही, कुलूप लावीन. भिंगरी खेळणार. हा निर्णय आहे, चर्चा नाही.’

मी म्हटलं, माफी?

‘तुमचा सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही,’ अध्यक्ष म्हणाले. मग त्याच्याकडे वळून, ‘तुझं काही?’

‘एकच अट आहे. सामन्याआधी मैदान टेपने मोजून घ्या.’

बास. विंगर खेळणार, पण त्याआधी कोचच्या रेषा तपासणार. मी उभा राहिलो, फरशीवरून पाय सटकला, आणि दंडाला धरून सावरलं कोणी, तर यानेच. मी हात झटकला. अध्यक्ष म्हणाले, ‘मोजून टाका ना, त्यात काय एवढं? तुम्ही स्वतः बघा.’ मी म्हटलं, बघतो.

१२ मार्च

मोजलं. सकाळी लवकर एकटाच गेलो आणि एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत चाललो. बरोबर आहे. मध्ये एकदा थांबावं लागलं, पण थांबल्याने पावलं कमी होत नाहीत. अध्यक्षांना फोन केला, मोजलं, नियमात आहे. टेपने का हे त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. यात खोटं काही नाही.

२२ मार्च

आज शेवटचा सामना होता.

सामन्याच्या बऱ्याच आधी जावई आला. कपडे न बदलता थेट मैदानावर, एका रेषेपासून दुसऱ्या रेषेपर्यंत चालत गेला आणि माझ्याकडे आला. मी होयबाला कॉर्नर समजावत होतो.

‘सर, रेषा तशाच आहेत. अजून वेळ आहे. माळीकाका तयार आहेत, एका तासात बाहेर नव्या मारून होतील. कोणाला काही कळणार नाही.’

‘का मारायच्या?’

‘मैदान कमी भरतंय.’

‘मी मोजलंय.’

तो अगदी हळू आवाजात म्हणाला, ‘बाबा, प्लीज.’

मैदानावर, गेटच्या आत, संघासमोर बाबा. सगळ्यांनी ऐकलं. गोलकीपर दुसरीकडे बघायला लागला. माझ्या डोक्यात काहीतरी तुटलं. म्हटलं, ‘इथे तुझा कोणी बाबा नाही. बूट घाल नाहीतर घरी जा.’

‘या रेषांवर मी उतरणार नाही. उतरलो आणि नंतर कोणी मोजलं तर सगळं जाईल. फक्त एक तास द्या.’

समोरून रेफरी येत होते. नेहमीचे, जाळी ओढून बघणार, झेंडे बघणार आणि चहाला जाणार. समोरच्या संघाचा कोचही त्यांच्याबरोबर. मी हाक मारली. म्हटलं, ‘रेफरी, आमच्या या खेळाडूला मैदानाबद्दल शंका आहे. टेप आणा. सगळ्यांसमोर मोजा. याला आयुष्यभर लक्षात राहील असं मोजा.’

जावयाने डोळे मिटून घेतले.

टेप आणायला लाइन्समन गेला. मी हाताची घडी घालून उभा होतो, छान वाटत होतं. एक टोक माळ्याने धरलं. दुसरं टोक घेऊन रेफरी चालत समोरच्या रेषेपर्यंत गेले, वाकून वाचलं, परत वाचलं. मग मला हाताने बोलावलं. मी जाईपर्यंत समोरचा कोच तिथे पोचला होता आणि हसत होता.

जवळजवळ चार मीटर कमी.

मी म्हटलं, टेप खराब आहे. दुसरी आणली. दुसरीही तेच म्हणाली. सामना झाला नाही. प्रेक्षक खुर्च्या उपटत असताना आम्हाला मागच्या दाराने काढलं.

२४ मार्च

दोन्ही टेपा खराब असतील का? असू शकतील. दोन्ही एकाच दुकानातल्या असल्या तर.

ही ताट ठेवते आणि आत जाते. मी विचारलं, ‘तुलाही वाटतं माझं चुकलं?’ तर म्हणाली, ‘मला वाटतं तुम्ही जेवून घ्यावं.’

२९ मार्च

अध्यक्ष स्वतः घरी आले. लीगच्या समितीपुढे सुनावणी आहे. ती फक्त या सामन्याची, आधीच्या सामन्यांबद्दल कोणी तक्रार केलेली नाही. नियम सरळ आहे. मोजताना चूक झाली असेल तर सामना पुन्हा होईल. मुद्दाम केलं असेल तर सामना समोरच्यांना, म्हणजे आम्ही खाली.

‘मग प्रश्न काय?’ अध्यक्ष म्हणाले. ‘चूकच झाली आहे. तुम्ही काही बोलू नका. तुमचा जावई बोलेल, तो तुम्हाला रोज बघतो. तुम्ही फक्त मान हलवा.’

मान हलवणं हे होयबाचं काम, माझं नव्हे. पण अध्यक्षांसमोर हो म्हटलं.

मुलीचा फोन आला. किती दिवसांनी. ‘बाबा, फक्त हो म्हणा. माझ्यासाठी.’ आवाज भरून आला होता तिचा. हो म्हटलं. म्हटलं तेव्हा मनापासून म्हटलं होतं, हे नोंदवून ठेवतो.

२ एप्रिल

सुनावणी झाली.

लांब टेबल, पलीकडे समितीचे तिघे, अलीकडे आम्ही. समोरच्या क्लबचा कोच भिंतीशी, मांडीवर हात ठेवून. रेफरींनी मोजमाप सांगितलं. मग मधले गृहस्थ म्हणाले, रेषा कमी कशा पडल्या ते कोण सांगेल?

जावई उठला. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. म्हणाला, ‘सर मैदान पावलांनी मोजतात. पूर्वीपासून. त्यांचं पाऊल बरोबर एक मीटर पडायचं, जुने खेळाडू सगळे सांगतील. मागच्या वर्षी त्यांच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली. त्यानंतर पाऊल आखूड पडतं. त्यांना ते जाणवत नाही. आम्हाला दिसत होतं. जानेवारीपासून सांगायचा प्रयत्न करत होतो, पण असं कसं सांगायचं ते मला जमलं नाही. ती माझी चूक. सरांनी मुद्दाम काही केलेलं नाही.’

समितीतल्या बाईंनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत दया होती. भिंतीशी बसलेला तो कोच, ज्याला मी दहा वेळा हरवलं असेल, त्यानेही खाली मान घातली. माझी कीव आली त्याला.

मधले गृहस्थ मला म्हणाले, आवाज हळू करून, आजारी माणसाशी बोलतात तसा, ‘हे असंच झालं ना? तुमच्या लक्षात आलं नाही. फक्त हो म्हणा, आपण पुढे जाऊ.’

मी मान हलवणार होतो. खरंच हलवणार होतो. पण त्या बाई पुढे झुकून म्हणाल्या, ‘बसूनच सांगा, उठू नका, तुम्हाला त्रास होईल.’

मी उठलो. म्हटलं, ‘माझं पाऊल आजही एक मीटर आहे. रेषा कुठे आहेत ते मला बरोबर माहीत होतं. मी मुद्दाम आत घेतल्या.’

अध्यक्षांनी कपाळावर हात मारलेला ऐकू आला. मधले गृहस्थ म्हणाले, परत एकदा विचारतो, नीट विचार करून सांगा. मी परत तेच सांगितलं. जावई माझी बाही ओढत होता. मी तिसऱ्यांदा, कोणी न विचारता सांगितलं.

निकाल तिथल्या तिथे झाला. आम्ही खाली. अध्यक्ष मला ओलांडून गेले.

मी खोटं बोललो, हे मला माहीत आहे. ही डायरी माझ्याशिवाय कोणी वाचत नाही म्हणून लिहितो. नियमाच्या बाहेर जायचं माझ्या मनात कधीच नव्हतं.

बाहेर पार्किंगपर्यंत लांब रस्ता होता. तो माझ्या बाजूने चालत होता, गाडीची किल्ली हातात. मग थांबला. मी त्याला लग्नात हसताना पाहिलं आहे, हरल्यावर रडताना पाहिलं आहे, चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. ओठ पांढरे पडले होते.

‘बाबा, एक विचारतो. तुम्हाला क्लब वाचवायचा होता की पाय?’

मी म्हटलं, ‘पाय.’

त्याने मान डोलावली. आणि मग तो निघाला, त्याच्या स्वतःच्या चालीने. घाईने नाही, रागाने पाय आपटतही नाही, फक्त जसा तो एरवी एकटा असताना चालत असेल तसा. मला वाटलं होतं चार पावलांत गाठीन. तो गाडीपाशी पोचला, दार उघडून उभा राहिला, तेव्हा मी अजून अर्ध्या वाटेतसुद्धा नव्हतो. इतके महिने हा माझ्या बाजूने चालत कसा होता ते मला तेव्हा दिसलं. त्याचा मला भयंकर राग आला, आणि गाडीपर्यंत पोचायला बराच वेळ लागला.